गंगा वर चढेना : पूर्व भागातल्या एका देखाव्याचं प्रकरण

गणपती बसून दुसरा दिवस. रात्री साडेनऊला फोन आला. "काका, बाहेरची लाईटिंग लावली की गंगा वर जाती, बंद केली की खाली येती. जरा येताव का?"

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत माझं पॉवरलूमच्या कंट्रोल कार्डांच्या दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. लोक बिघाड सांगतात तेव्हा त्यातलं निम्मं मी सोडून देतो, कारण सांगणाऱ्याने बिघाडासोबत त्याचं कारणही घरूनच ठरवून आणलेलं असतं. या पोराने मात्र कारण सांगितलं नव्हतं. जे दिसलं तेवढंच सांगितलं होतं, आणि सगळं उत्तर त्या एका वाक्यात होतं. ते मला तिथे जाऊन दोन तास घालवल्यावर कळलं, ही गोष्ट वेगळी.

मंडळ पूर्व भागातलं, बहुतेक कार्यकर्ते लूमवाल्यांच्या घरचे. देखाव्याचा विषय होता 'रुसलेली गंगा'. माणसांनी पाणी नासलं म्हणून गंगा रागावते, शंकराच्या जटेतून खाली पडणारी तिची धार आधी थबकते आणि मग उलटी वर चढून जटेत नाहीशी होते. नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या, घरोघरी पिंपं भरून ठेवणाऱ्या गावात हा विषय कोणाला समजावून सांगावा लागत नाही. धार हिरवी झगझगीत दिसणार, अंधारात हवेत थांबणार, मग वर जाणार. मागे रेकॉर्ड केलेला आवाज: "आणि गंगा परत निघाली…"

पहिल्या रात्री पावसाने गल्लीची केबल गेली आणि जनरेटर लावला. आवाज म्हणाला "आणि गंगा परत निघाली", आणि गंगा झपाझप खाली आली. गर्दी हसली. कोणीतरी ओरडलं, "रुसवा गेला बे!"

मांडणी काय होती

ही करामत नवी नाही. ठरावीक वेगाने उघडझाप करणाऱ्या फटीतून फिरतं चित्र पाहिलं की ते थांबलेलं किंवा भलतंच हलताना दिसतं. १८३२ च्या सुमाराला बेल्जियमच्या जोसेफ प्लाटो आणि व्हिएन्नाच्या सायमन श्टाम्फर या दोघांनी एकमेकांना न विचारता याची खेळणी बनवली. पुढे अमेरिकेत एमआयटीत हॅरॉल्ड एजर्टन फिरत्या मोटारींचा अभ्यास करत होता. १९३१ च्या आसपास त्याने विजेच्या झगमगाटाचा स्ट्रोब, म्हणजे ठरावीक तालावर लुकलुकणारा दिवा, बनवला, आणि नंतर त्याच प्रकाशात चमकत्या रंगाच्या पाण्याचे थेंब हवेत थांबवून दाखवणारं यंत्रही केलं. आमच्या पोरांनी मोबाईलवर त्याचीच कुठलीतरी नातवंडं पाहिली होती.

त्यांची जुळणी अशी. कूलरचा पंप बादलीतलं पाणी वर चढवतो. वरून ठिबकच्या बारीक नळीतून धार सुटते. नळी माशांच्या टाकीत हवा सोडणाऱ्या छोट्या पंपाला घट्ट बांधलेली. त्या पंपात चुंबक लावलेला एक दांडा असतो, तो विजेच्या तालावर सेकंदाला ५० वेळा थरथरतो. नळी थरथरते, म्हणून धार तुटते तीही सेकंदाला ५० थेंबांनी. समोर जांभळ्या, यूव्ही म्हणून मिळणाऱ्या एलईडी. त्या एका डिप्लोमावाल्या पोराने अर्डुइनो या प्रोग्राम लिहून चालवायच्या छोट्या बोर्डवर सेकंदाला ५१ वेळा लुकलुकायला लावल्या होत्या.

आता गणित. थेंब ५० आणि लुकलुक ५१ असेल तर प्रत्येक झगमगाट अंमळ लवकर येतो. मागच्या झगमगाटात थेंब जिथे दिसला, तिथपर्यंत त्याच्या मागचा थेंब अजून पोचलेला नसतो, जरासा वर असतो. सगळे थेंब एकसारखे, त्यामुळे हा दुसरा थेंब आहे हे डोळ्याला ओळखू येत नाही. मेंदू जवळात जवळची जोडी लावतो आणि 'तोच थेंब थोडा वर सरकला' असं धरून चालतो. सेकंदाला एक, या हिशेबाने अख्खी माळ वर जाते. लुकलुक ५० केली की माळ जागच्या जागी थांबते, ४९ केली की सावकाश खाली उतरते. खरं पाणी या सगळ्या वेळात धो धो खालीच पडत असतं.

यातली एक गंमत मला त्या रात्रीपर्यंत सुचली नव्हती. पडता थेंब वेग घेत जातो, म्हणून वर थेंब जवळजवळ असतात आणि खाली लांब लांब. माळ उलटी चालते तेव्हा खालचे थेंब मोठी ढांग टाकतात आणि वर जाताना त्यांची ढांग लहान होत जाते. वर फेकलेला चेंडू असाच मंदावत जातो. म्हणून ते पाणी कोणीतरी खालून उडवल्यासारखं वाटतं आणि डोळा आक्षेप घेत नाही. सगळीकडे सारखं अंतर असतं तर बहुधा माणसाला कुठेतरी खोट जाणवली असती.

हे सगळं लूमच्या शेडमध्ये चाललं होतं

मी पोचलो तेव्हा पोरांच्या बोलण्यात तीन निदानं फिरत होती. डिप्लोमावाला म्हणत होता प्रोग्राममध्ये चूक आहे. त्याने तो चार वेळा पुन्हा लिहिला होता आणि डोळे लाल करून बसला होता. दुसऱ्याचं म्हणणं, बाहेरच्या लाईटिंगची आणि आतली वायर कुठेतरी एकमेकीला लागली आहे. तिसऱ्याने वाद न घालता लिंबू-मिरची बांधून टाकली होती.

गणपतीच्या आधी आठ दिवस त्यांनी तालीम केली होती, एका कार्यकर्त्याच्या लूमच्या शेडमध्ये, रात्री लूम बंद झाल्यावर. (लूम चालू असताना जमीनच इतकी हादरते की धार सरळ तुटत नाही, एवढं त्यांना पहिल्याच दिवशी कळलं होतं.) तिथे गंगा वर जात होती. फक्त 'थबकते' हा प्रसंग नीट जमत नव्हता. लुकलुक बरोबर ५० केली तरी माळ कधी सावकाश वर सरकायची, कधी खाली, आणि कधी मिनिटभर अगदी स्तब्ध. त्याचाही दोष पोरांनी प्रोग्रामला दिला होता.

त्या रात्री मंडपात माझ्याखेरीज आणखी एक बोलावलेले होते. जुन्या मिलमध्ये रिंग फ्रेमवर, म्हणजे सूत कातणाऱ्या यंत्रांवर, जॉबर (मुकादम) म्हणून राहिलेले एक गृहस्थ, वय पंचाहत्तरच्या पुढे, सगळी गल्ली त्यांना मामा म्हणते. मिल बंद होऊन जमाना झाला. मामांनी खुर्ची ओढली, पाच मिनिटं गंगेकडे पाहिलं आणि विचारलं, "दिवा पक्का हाय का थेंब पक्का हाय?"

पोरं म्हणाली, "दिवा पक्का मामा, क्रिस्टलवर हाय." क्रिस्टल म्हणजे बोर्डवरचं घड्याळ, बाहेरची वीज कशीही असो, आपला ताल न सोडणारं.

"मग थेंबाचा स्पीड बघा की."

मिलमध्ये चातीचा, म्हणजे सूत पिळणाऱ्या फिरत्या दांडीचा, वेग स्ट्रोबने मोजायचे. मिनिटाला दहा-बारा हजार फेरे घेणारी चाती हात लावून मोजता येत नाही. तिच्यावर लुकलुकता दिवा मारायचा आणि ती थांबलेली दिसेपर्यंत बटण फिरवायचं. चाती थांबलेली दिसली की दिव्याचा आकडा तोच चातीचा वेग. यात एक फसगत असते. दिवा निम्म्या वेगाने लावला तरी चाती थांबलेलीच दिसते. म्हणून मामांचा नियम असा, की सुरुवात वरच्या आकड्यापासून करायची आणि खाली येत जायचं. पहिल्यांदा जिथे एकच चित्र दिसेल तो खरा वेग. हा नियम त्यांनी त्या रात्री तीनदा सांगितला. तिसऱ्यांदा तर डिप्लोमावाल्याच्या खांद्यावर हात ठेवून.

मी मल्टिमीटर हर्ट्झवर, म्हणजे विजेचा ताल सेकंदाला किती ते मोजण्यावर, लावला आणि टोचण्या प्लगच्या बोर्डात घातल्या. बाहेरची लाईटिंग बंद असताना ५२.१. लाईटिंग लावली, जनरेटर खाली बसल्यासारखा घरघरला, ५०.६.

संपलं. डिझेल जनरेटरवर भार नसला की इंजिन जरा जास्त पळतं, भार आला की मंदावतं. वेग सांभाळणारा गव्हर्नर असला तरी दीड-दोन हर्ट्झचा फरक नेहमीचाच असतो. पंखे, बल्ब, डीजे यांना त्याचं सोयरसुतक नाही. पण माशांच्या टाकीचा पंप जनरेटरच्या तालावर नाचणारा, आणि दिवा आपल्या क्रिस्टलच्या तालावर ५१ ला ठाम. लाईटिंग बंद असताना थेंब ५२ आणि दिवा ५१, म्हणून गंगा खाली. लाईटिंग लावली की थेंब ५०.६, दिवा तोच, म्हणून गंगा हळूहळू वर. पोराने फोनवर अक्षरशः हेच सांगितलं होतं.

शेडमधल्या सरकण्याचंही उत्तर यातच होतं. आपल्याकडे ग्रिडची वारंवारिता ५० ला खिळलेली नसते. नियमाने ती ४९.९० ते ५०.०५ च्या दरम्यान ठेवायची असते, आणि देशभरात कोण किती वीज ओढतंय त्याप्रमाणे दिवसभर डुलत राहते. ४९.९५ असली तर थबकलेली गंगा वीस सेकंदांत एक थेंबभर वर सरकते, ५०.०५ असली तर तेवढीच खाली. लूमच्या शेडमध्ये ती पोरं तासन् तास अख्ख्या देशाचा विजेचा भार थेंबांत बघत बसली होती. मला स्वतःला हा देखावा त्यांच्या मूळ देखाव्यापेक्षा सरस वाटला; मंडळाला तसं वाटलं नाही.

एकाच घड्याळावर

दुरुस्तीला दोन रात्री लागल्या. डिप्लोमावाल्याचं म्हणणं होतं की जनरेटरचा हर्ट्झ मोजायचा आणि दिवा त्याच्यामागे पळवायचा. करता येतं. पण कूलरच्या पंपाचाही जोर जनरेटरबरोबर बदलत होता, त्यामुळे धारेचा वेग बदलायचा आणि धार तुटायची जागा वरखाली व्हायची. एकाला धरायला जावं तर दुसरं निसटतं. मी म्हणालो, विजेला यातून बाहेरच काढू. पाणी आणि दिवा, दोघांनाही एकाच बोर्डवरून ताल द्यायचा. मग ते घड्याळ थोडं पुढे असो की मागे, दोघं मिळून पुढे-मागे होतील.

माशांचा पंप काढला. जुन्या साउंड बॉक्समधला चार इंची स्पीकर उताणा ठेवला, त्याच्या कोनवर बाटलीचं झाकण चिकटवलं आणि ठिबकची ४ मिलिमीटर भोकाची नळी त्याला टेकवली. स्पीकरला छोट्या अँप्लिफायरमधून बोर्डचा ताल. कूलरच्या पंपाकडे आता एकच काम उरलं, वरच्या तेलाच्या डब्यात पाणी चढवणं. डब्याला वरच्या कडेजवळ ओव्हरफ्लोचं भोक, म्हणजे पंप कितीही ओको, डब्यातली पातळी तीच. पातळी तीच म्हणजे धारेचा वेग तोच.

खरं कौशल्य इथून पुढे होतं, आणि ते कुठल्याही व्हिडिओत सांगत नाहीत. पाण्याची बारीक धार आपली आपणच तुटते, तिला तोडावं लागत नाही. पृष्ठताण तिला धार म्हणून राहू देत नाही. धारेवरची एखादी लाट धारेच्या परिघापेक्षा लांब असली की ती वाढत जाते आणि धारेचा थेंब होतो. हे प्लाटोनेच पाहिलं, तोच खेळण्यावाला. पुढे लॉर्ड रॅली याने गणित मांडलं की धारेच्या जाडीच्या साधारण साडेचार पट लांबीची लाट सगळ्यांत जोरात वाढते. नुसत्या धारेत थेंब कसेही, लहानमोठे, अवेळी सुटतात. स्पीकरचं काम एवढंच की त्यांना ताल धरायला लावायचा, आणि तालही धारेला मुळात आवडणारा असायला हवा. ४ मिलिमीटरच्या धारेला १८ मिलिमीटरची लाट आवडते. तेव्हा सेकंदाला ६० थेंब (आता आम्ही ५० ऐवजी ६० धरले होते) हवे असतील तर धार सेकंदाला १ मीटर ८ सेंटिमीटर वेगाने सुटली पाहिजे, आणि त्यासाठी नळीच्या तोंडावर पाण्याची उंची सुमारे ६ सेंटिमीटर पुरते. पोरांनी डबा चांगला हातभर वर टांगला होता. तिथून धार जोरात यायची आणि प्रत्येक दोन मोठ्या थेंबांमध्ये एक चिल्लर थेंब सुटायचा, तोही कधी पुढच्याला चिकटलेला, कधी मागच्याला. माळ थांबली तरी ती चिल्लर थरथरत राहायची. डबा खाली आणत गेलो तशी चिल्लर कमी झाली, आणि ६ सेंटिमीटरला गोल, एकसारखी, शिस्तीत उभी असलेली माळ दिसली. नळीतल्या घर्षणामुळे शेवटचं जुळवणं डोळ्यानेच करावं लागलं. डब्याखाली वह्या घातल्या आणि काढल्या.

थेंब एकसारखे असणं ही या फसवणुकीची मुख्य अट आहे. एखादा थेंब वेगळा दिसला की मेंदू त्याला ओळखून त्याच्यामागे जातो, आणि बाकीची माळ खोटी पडते.

झगमगाट किती वेळ टिकतो यालाही तितकंच महत्त्व. फूट-दोन फूट पडल्यावर थेंब सेकंदाला तीन-साडेतीन मीटर वेगाने चाललेला असतो. एलईडी एक मिलिसेकंद पेटली तर तेवढ्यात तो तीन मिलिमीटर सरकतो आणि फरफटलेला, पुसट दिसतो. आम्ही वेळ ०.३ मिलिसेकंदावर आणला. थेंब काचेसारखे रेखीव झाले, पण उजेड सगळा गेला, कारण दिवा आता शंभरातले जेमतेम दोन भाग वेळच पेटलेला. म्हणून एलईडी चौपट लावाव्या लागल्या, आणि म्हणूनच पाणी चमकणारं असणं ही नुसती शोभा नव्हती. इतक्या अपुऱ्या उजेडात पाणी सोडून बाकी काहीच डोळ्याला दिसू नये, यासाठी तो रंग.

रंगाची वेगळीच कथा

पोरांनी आधी 'रेडियम' आणलं होतं, अंधारात चमकणारी पावडर. पाण्यात विरघळली नाही, तळाशी बसली. पण ती विरघळली असती तरी उपयोग नव्हता. ती पावडर दिवा गेल्यावरही चमकत राहते, आणि इथे तर दोन झगमगाटांच्या मध्ये पाणी पूर्ण काळं पडायला हवं. ते चमकतच राहिलं तर थेंब कुठला आणि धार कुठली, सगळी एक हिरवी पट्टी. नंतर कपड्यांची पावडर घालून पाहिली, कारण तिच्यातलं पांढरेपण आणणारं द्रव्य यूव्हीत निळं चमकतं. चमक आली, फेसही आला, आणि डबा भरून वाहिला.

शेवटी शाळा-कॉलेजांना रसायनं देणाऱ्या दुकानातून फ्लुरोसीन सोडियम आणलं. डोळ्याचे डॉक्टर बुबुळावरचा ओरखडा बघायला हाच रंग वापरतात. याची चमक दिवा गेल्यावर काही नॅनोसेकंदांत विझते, म्हणजे आपल्या हिशेबी त्याच क्षणी. पण पोरांनी वीस लिटरला दोन चमचे टाकलं होतं. पाणी दाट नारिंगी झालं आणि जवळपास चमकेना. त्यांनी आणखी एक चमचा टाकला. रंग जास्त झाला की वरचाच थर सगळा प्रकाश गिळतो आणि रेणू एकमेकांची चमक मारतात. मी ते पाणी ओतून द्यायला लावलं आणि नव्या वीस लिटरला अर्धा ग्रॅम टाकलं. शिवाय चमचाभर खायचा सोडा, कारण फ्लुरोसीन आंबट पाण्यात मंद आणि अल्कलीत तेज. नळाच्या ताज्या पाण्यातलं क्लोरीन हा रंग खातं. पण ताजं पाणी आमच्याकडे असतं कोणाकडे? पिंपात चार दिवस उघडं राहिलेल्या पाण्यातलं क्लोरीन केव्हाच उडून गेलेलं होतं.

रोडामीनही स्वस्तात मिळत होतं, गुलाबी-केशरी रंग मस्त येतो, आणि मंडळाच्या अध्यक्षाला तोच हवा होता. मी नाही म्हणालो. बुढ्ढी के बालमध्ये हेच रोडामीन-बी सापडल्यावर २०२४ मध्ये तमिळनाडू आणि कर्नाटकाने कारवाई केली होती, ही एक गोष्ट. दुसरी मला जास्त भ्यायला लावणारी होती. पहिल्या रात्रीच दोन बायका दोरीखालून हात घालून गंगेचं पाणी ओंजळीत घ्यायला आल्या होत्या. शंकराच्या जटेतून पडणारं पाणी, तीर्थ म्हणून घेणारच की! फ्लुरोसीनही काही प्यायची वस्तू नाही. पुढे काच बसवली, मगच जीव थंड झाला.

अंधाराचंही एक प्रकरण झालं. तीन बाजूंनी घरातल्याच सोलापुरी चादरी टांगल्या होत्या. यूव्ही लावल्याबरोबर चादरींतली पांढरी नक्षी निळी पेटली आणि शंकराच्या मागे मोर नाचू लागले. बाजूला उभ्या कार्यकर्त्यांचे पांढरे झब्बे धुण्याच्या पावडरीने त्याहून तेज. गंगा कुठे बघायची तेच कळेना. चादरी काढून काळं कापड लावलं, आणि आत उभं राहणाऱ्याने काळा शर्ट घालायचा असा नियम केला. टॉवेलसुद्धा बाहेर.

बटण

या बाबतीत मी पोरांशी खरोखर चिडलो. डिप्लोमावाल्याने लुकलुक कमीजास्त करायला एक बटण ठेवलं होतं. आरतीनंतर कोणीतरी ते फिरवून लुकलुक सेकंदाला १२ वर आणली आणि डीजेसारखं सगळे नाचायला लागले. सेकंदाला ३ ते ३० या दरम्यानच्या लुकलुकीने काही जणांना फिट येऊ शकते, आणि १५ ते २५ चा पट्टा त्यात सर्वांत वाईट. जपानात १६ डिसेंबर १९९७ ला टीव्हीवरच्या पोकेमॉनच्या एका भागात लालनिळा झगमगाट दाखवला, आणि सहाशेहून जास्त मुलांना दवाखान्यात न्यावं लागलं. आपल्या गर्दीत कोणाला काय आहे हे कोणाच्या कपाळावर लिहिलेलं नसतं. ६० ची लुकलुक बहुतेकांना लुकलुक म्हणून कळतही नाही. बटण कापून काढलं, ५५ च्या खाली जाताच येणार नाही असं प्रोग्राममध्ये बांधलं, आणि दाराशी मराठीत आणि तेलुगूत पाटी लावली. विजेच्या बाजूने बारा व्होल्टच्या वर काही पाण्याजवळ नको, आणि मंडपाला ईएलसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच), हे त्यांनी आधीच केलं होतं. लूमवाल्यांच्या पोरांना करंट शिकवावा लागत नाही.

मामांनी यात एक भर घातली. मिलमध्ये शेजारशेजारच्या ट्यूबलाइटी मुद्दाम वेगवेगळ्या फेजवर लावायचे. एकाच फेजवर असल्या की सगळ्या एकदम विझतात-पेटतात, सेकंदाला शंभर वेळा, आणि फिरतं चाक थांबल्यासारखं दिसून कोणीतरी हात घालतो. "तिथं ह्यो खेळ होऊ नाही म्हणून खर्च करायचे," ते म्हणाले, "आन् इथं व्हावा म्हणून."

दिवा हलवायचा नाही

चौथ्या दिवशी गंगा वर चढली. जनरेटर असो, लाईट असो, चढली. पाचव्या दिवशी नवी तक्रार आली: डोळ्याला झकास दिसतं, मोबाईलमध्ये काळे पट्टे पळतात. रीलमध्ये जे नीट दिसत नाही ते या पिढीच्या लेखी घडलेलंच नसतं, म्हणून तक्रार गंभीर.

मोबाईल सेकंदाला ३० चित्रं घेतो आणि प्रत्येक चित्र वरून खाली ओळीओळीने वाचतो. दिवा ३० च्या पटीत नसला की झगमगाट दर चित्रात वेगळ्या ओळींवर पडतो आणि पट्टा सरकतो. आम्ही तोवर थेंब ६० ला ठेवून दिवा ६१ करत होतो. मी उलटं करायला सांगितलं. दिवा कायम ६० ला बांधून टाकायचा आणि थेंबाचा ताल बदलायचा. ५९ म्हणजे वर, ६० म्हणजे थांब, ६१ म्हणजे खाली. डोळ्याला काही फरक नाही, फरक फक्त दोघांतल्या वजाबाकीचा. पण मोबाईलला समोर कायम ६० चीच लुकलुक, आणि पट्टे जवळजवळ जागच्या जागी थांबले. धारेला ५९ आणि ६१ मधला फरक जाणवत नाही, चिल्लर सुटली नाही. हा बदल एका ओळीचा होता आणि सगळ्या दुरुस्तीत मला सर्वांत आवडलेला हाच. डिप्लोमावाल्याला तो मी सांगायच्या आधी सुचायला हवा होता, असं त्याला आठवडाभर वाटत राहिलं.

रंग रोज थोडा थोडा उतरत होता. प्रकाशाने फ्लुरोसीन हळूहळू मरतं, आणि आमच्या एलईडी आता चौपट होत्या. दर दोन दिवसांनी वीस लिटर बदललं. एकदा कोणीतरी परस्पर नळाचं ताजं पाणी ओतलं. संध्याकाळपर्यंत गंगा आजारी.

विसर्जनानंतर सामान आवरताना मी बजावलं होतं की हे पाणी तलावाकडे न्यायचं नाही. पोरांनी ऐकलं. तलावाकडे नेलं नाही, मंडपामागच्या गटारीत ओतलं. आणि नुसतं शेवटचं वीस लिटर नव्हे, पहिल्या दिवशीचं ते तीन चमच्यांचं नारिंगी पाणीही, जे मला वाटलं होतं की केव्हाच ओतून झालं. ते एका झाकणाच्या डब्यात जपून ठेवलं होतं. हा रंग किती पातळ झाला तरी दिसतो हे मी सांगायचं राहून गेलं. शिकागोत १९६२ मध्ये सणासाठी नदी हिरवी केली तेव्हा हाच टाकला होता, आणि ती आठवडाभर हिरवी राहिली.

सकाळी साडेसातला फोन. या वेळी पोरगा नव्हता, मामा होते. गल्लीतली गटार पोपटी हिरवी वाहत होती, लोक जमले होते, आणि दोन गल्ल्या सोडून पलीकडच्या चौकातल्या उघड्या नाल्यातही तोच हिरवा आला होता. आपली गटार त्या नाल्याला मिळते की नाही यावर दोन्ही गल्ल्यांत बरीच वर्षं भांडण होतं.

"मिळती म्हणून मी सांगतच हुतो," मामा म्हणाले. "ते डिप्लोमावालं कुठं हाय? म्हणावं, अजून चमचाभर हाय का बघ."